साडेतीन लाखांची भीती : रामसे बंधू आणि निझाम सर्किट

१/
१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका एकत्र करून जालना जिल्ह्याची निर्मिती झाली. शासनाच्या नकाशावर नवी सीमा उमटली. हिंदी चित्रपटांच्या व्यापाराचा नकाशा मात्र जागचा हलला नाही. त्या नकाशावर जालना ‘निझाम’ या प्रदेशात होते. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये संपुष्टात आले, १९५६ मध्ये त्याचे भाषावार विभाजन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. तरीही मुंबईचा निर्माता मराठवाड्यासाठी चित्रपट विकताना निझामाचेच नाव घेत होता.

२/
चित्रपटाचा धंदा देशाची विभागणी ‘सर्किट’मध्ये करतो. मुंबई, दिल्ली-उत्तर प्रदेश, पूर्व पंजाब, सी. पी. बेरार, निझाम, म्हैसूर ही त्यांतील काही नावे. यांतील अनेक सीमा ब्रिटिशकालीन प्रांतांच्या व संस्थानांच्या आहेत. त्यामुळे पुणे मुंबई सर्किटमध्ये, नागपूर सी. पी. बेरारमध्ये आणि जालना, परभणी, नांदेड, बीड ही गावे निझाममध्ये, अशी एकाच महाराष्ट्राची त्रिस्थळी यात्रा होई. निर्माता प्रत्येक प्रदेशाचे हक्क वेगवेगळ्या वितरकाला विकत असे. मोठ्या नटांचे चित्रपट मुंबई-दिल्लीच्या भरवशावर उभे राहत. ज्यांच्यापाशी मोठा नट नव्हता, त्यांना उरलेल्या गावांचा आधार शोधावा लागे.

३/
हा आधार सर्वांत पद्धतशीरपणे शोधला तो एका निर्वासित सिंधी कुटुंबाने. तुलसी आणि श्याम रामसे हे दिग्दर्शक, त्यांचे पाच भाऊ आणि वडील यांनी १९७२ ते १९९० या काळात भयपटांचा असा घरगुती कारखाना चालवला की ‘रामसे’ हे आडनावच एका चित्रप्रकाराचे नाव बनले. समीक्षकांनी त्यांची दखल घेतली ती बहुधा हसण्यासाठी. हा धागा त्यांची कारकीर्द सांगतो. आणि त्या कारकिर्दीचे तिकीट ज्यांनी काढले, त्यांची नोंद इतिहासात का सापडत नाही, हेही विचारतो.

४/
प्रारंभ कराचीतला. फतेहचंद यू. रामसिंघानी यांचे तेथे रेडिओचे दुकान होते. ब्रिटिश गिऱ्हाइकांना ‘रामसिंघानी’ उच्चारता येईना. ते ‘रामसे’ म्हणू लागले आणि तेच नाव पुढे रूढ झाले, असे कुटुंबात सांगितले जाते. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रोडवर विजेच्या उपकरणांचे दुकान थाटले गेले. चित्रपटगृहांनी गजबजलेल्या त्या रस्त्यावर दुकानदाराला चित्रपटनिर्मितीचा मोह पडला, यात नवल नाही. १९५४ च्या ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’ या चित्रपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता.

५/
पुढील दोन चित्रपटांशी मराठी वाङ्मयाचा अनपेक्षित संबंध येतो. १९६३ चा ‘रुस्तम सोहराब’ आणि १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हे दोन्ही चित्रपट दिग्दर्शित केले विश्राम बेडेकर यांनी. ‘रणांगण’ या १९३९ च्या कादंबरीने मराठी गद्याला नवे वळण देणारे, ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारे ते हेच बेडेकर. दोन्ही चित्रपटांत पृथ्वीराज कपूर होते. ‘रुस्तम सोहराब’ला सज्जाद हुसेन यांचे संगीत लाभले आणि सुरैया यांचा तो अखेरचा चित्रपट ठरला. प्रतिष्ठेची सारी सामग्री जमली होती.

६/
१९७० चा चित्रपट मात्र कोसळला आणि रामसे कुटुंब आर्थिक संकटात सापडले. त्या चित्रपटात एक प्रसंग होता : पृथ्वीराज कपूर यांचे पात्र अक्राळविक्राळ मुखवटा आणि चिलखत धारण करून चोरीसाठी शिरते आणि पोलिसांच्या गोळ्या त्याच्यावर आदळून निष्प्रभ होतात. तुलसी आणि श्याम चित्रपटगृहात जाऊन बसत, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की प्रेक्षक त्या एवढ्याच प्रसंगाला किंचाळतात. काही जण तर तेवढ्यासाठीच येतात. बुडालेल्या चित्रपटातील ही काही मिनिटे घेऊन मुले वडिलांकडे गेली. सबंध चित्रपटच असा का करू नये?

७/
या प्रश्नाचे धाडस समजून घ्यायला हवे. हिंदी चित्रपटात तोवर भुते बहुधा खोटी निघत. १९४९ च्या ‘महल’पासून रूढ झालेल्या संकेतानुसार धुके, पांढरी साडी, दुरून येणारे गाणे हे सारे असे, शेवटी मात्र कुणीतरी जिवंत माणूसच त्यामागे आढळे. प्रेत प्रत्यक्ष उठून चालू लागले आहे, असे उघडपणे दाखवणारा चित्रपट काढणे म्हणजे प्रौढांसाठीचे ‘ए’ प्रमाणपत्र पत्करणे, कुटुंबवत्सल प्रेक्षक गमावणे आणि प्रतिष्ठित नटांचा नकार गृहीत धरणे. कर्जात असलेल्या माणसाने हा डाव मांडला.

८/
वडिलांनी मुलांना शिक्षणासाठी कुठल्याही संस्थेत धाडले नाही. जोसेफ मॅस्केली या अमेरिकन छायालेखकाचे चित्रणकलेवरील १९६५ मध्ये निघालेले पाठ्यपुस्तक घेऊन भाऊ काश्मीरला गेले आणि हाऊसबोटीवर राहून त्यांनी त्याचा अभ्यास केला, असे त्यांनीच पुढे मुलाखतींतून सांगितले. मग कामांची वाटणी झाली. कुमार लेखन पाहणार, गंगू कॅमेरा सांभाळणार, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशू छायाचित्रण व निर्मितीव्यवस्था; तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार. ज्या कामांसाठी इतर निर्माते वेतन मोजत, ती कामे घरातच राहिली.

९/
पहिला प्रयोग ‘दो गज जमीन के नीचे’, १९७२. पत्नी आणि तिचा प्रियकर मिळून नवऱ्याचा काटा काढतात, त्याला पुरतात आणि तो परत येतो, असे सरळ कथानक. चित्रण महाबळेश्वरला झाले. कुटुंब, नट आणि तंत्रज्ञ बसने तेथे गेले, सरकारी विश्रामगृहात उतरले; राहणे तेथेच, चित्रण तेथेच आणि स्वयंपाक घरच्या स्त्रियांच्या हातचा. सेट उभारण्याचा खर्च नाही, ये-जा नाही. सुमारे ४० दिवस आणि सुमारे साडेतीन लाख रुपये, असा हिशेब रामसे बंधू सांगत.

१०/
जाहिरातही स्वस्तातली, पण नेमकी. विविध भारतीवर व्यापारी प्रसारण १९६७ मध्ये सुरू झाले होते. रामसेंनी या वाहिनीवर प्रायोजित कार्यक्रमातून आपल्या चित्रपटाचे आवाज ऐकवले. कुरकुरणारे दार, पावले, किंकाळी. रेडिओच्या दुकानदाराच्या घरात हे सुचावे, हे स्वाभाविकच. पडद्यावरचे भूत दिसण्यापूर्वी त्याचा आवाज घरोघर पोहोचला. चित्रपट चालला, कर्ज फिटले आणि कुटुंबाला आपला व्यवसाय सापडला.

११/
याच सुमारास जगात अन्यत्र हेच अर्थशास्त्र परिपक्व झाले होते. ब्रिटनमधील हॅमर फिल्म्स या छोट्या कंपनीने थेम्सकाठच्या ब्रे येथील एका जुन्या हवेलीचाच स्टुडिओ केला. टेरेन्स फिशर हे मूळचे संकलक. त्यांनी त्या हवेलीच्या खोल्या, जिने आणि आवार पुनःपुन्हा सजवून १९५७ मध्ये ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ आणि १९५८ मध्ये ‘ड्रॅक्युला’ दिग्दर्शित केला. खर्च अल्प, रंग भडक, पात्रे ओळखीची आणि तीच माणसे प्रत्येक चित्रपटात. ब्रिटिश समीक्षकांनी तेव्हा नाके मुरडली. आज फिशर यांच्यावर विद्यापीठांत अभ्यास होतो.

१२/
हॅमरची ब्रे येथील हवेली आणि रामसेंचे महाबळेश्वरचे विश्रामगृह यांत व्यवहाराचे नाते आहे. भयपटाला ओसाड जुनी वास्तू लागते आणि ओसाड जुनी वास्तू भाड्याने स्वस्त मिळते. रामसेंनी महाराष्ट्रातच अशा जागा हुडकल्या. मुरुड येथील जंजिऱ्याच्या नवाबाचा एकोणिसाव्या शतकातील राजवाडा त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आला. पडद्यावर या जागा ‘कुठल्याशा ठाकुराची रियासत’ होत. कोकणचा समुद्र आणि सह्याद्रीचे धुके अशा रीतीने नाव-गाव नसलेल्या एका प्रदेशात विरून गेले.

१३/
१९७५ चा ‘अंधेरा’, १९७८ चा ‘दरवाजा’, १९८० चा ‘गेस्ट हाऊस’, १९८१ चे ‘दहशत’ आणि ‘सन्नाटा’ अशी वाटचाल करत ते १९८४ मध्ये ‘पुराना मंदिर’पाशी पोहोचले. मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर आणि सामरीच्या भूमिकेत अनिरुद्ध अग्रवाल. अग्रवाल शिक्षणाने अभियंता. असामान्य उंची आणि रेखीव नसलेला कठोर चेहरा यांमुळे त्यांना मुखवट्याची फारशी गरज पडली नाही. त्या वर्षीच्या यशस्वी हिंदी चित्रपटांत ‘पुराना मंदिर’ने स्थान मिळवले आणि तेही एकही मोठा तारा नसताना.

१४/
त्याची कथा इतिहासप्रेमींनी लक्षपूर्वक पाहावी. एक राजा नरराक्षसाला शिक्षा देतो. त्याचे शिर धडापासून वेगळे करून दोन ठिकाणी बंदिस्त करतो. मरताना तो शाप देतो की या वंशातील प्रत्येक स्त्री प्रसूतीच्या वेळी मरेल. पिढ्या उलटतात, संस्थाने जातात, वारस शहरात राहू लागतात. शाप मात्र वारशाने चालत येतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी तरुण मुलगी पूर्वजांच्या हवेलीत परतते. पूर्वजांनी जे पुरले, त्याची किंमत वंशजांना मोजावी लागते, हा रामसेंच्या उत्कृष्ट चित्रपटांचा स्थायी विषय आहे.

१५/
आता हा विषय मराठवाड्यात बसून पाहावा. येथील गावोगावी पांढऱ्या मातीच्या गढ्या ढासळत उभ्या होत्या. हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. सत्ता गेली, भिंती उरल्या. गढीच्या तळघराविषयी, बुजवलेल्या विहिरीविषयी, पुरलेल्या धनाविषयी आणि त्यावर बसलेल्या राखणदाराविषयी लोक बोलत. सामरीची हवेली हॅमरच्या किल्ल्यावरून उचललेली असेल. पण अंबड-परतूरच्या बाजूच्या प्रेक्षकाला ती पाहताना ट्रान्सिल्व्हेनियाची आठवण होण्याचे कारण नव्हते. त्याच्या गावात त्याची स्वतःची पडकी वास्तू होती.

१६/
मराठी लोकपरंपरेतील भुतांची जातकुळी वेगळी, हे खरे. पिंपळावरचा मुंजा, वाट अडवणारी हडळ, पाण्यातल्या आसरा, गावकुसाबाहेरचा वेताळ यांना प्रत्येकाला आपली जागा आणि आपले नियम आहेत. मराठी साहित्यात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयाला सुशिक्षित वाचकाच्या दिवाणखान्यात आणले. मराठी चित्रपटाने मात्र या वाटेने जाणे टाळले; १९९३ चा महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ लोकप्रिय झाला तो भय आणि विनोद यांच्या मिश्रणामुळे. निव्वळ भीती हवी असलेल्या मराठी प्रेक्षकाला हिंदीकडेच जावे लागे. आणि दखनी उर्दू कानावरून गेलेल्या मराठवाड्याला ती हिंदी परकी नव्हती.

१७/
तुलसी रामसे सांगत की जेथे आगगाडीही थांबत नाही, अशा ठिकाणी आपले चित्रपट चालतात. जालन्याला रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहे, हे खरे; पण त्यांच्या म्हणण्यातला अर्थ जालन्यालाही लागू पडतो. व्यापाराच्या भाषेत अशी गावे ‘बी’ आणि ‘सी’ सेंटर. येथे नव्या चित्रपटाची प्रत उशिरा येई. आधीच्या शेकडो खेळांचे ओरखडे अंगावर घेऊन येई. मोंढ्यात माल घालून मुक्कामाला थांबलेला शेतकरी, हमाल, गिरणीतील कामगार, वसतिगृहातील विद्यार्थी, असा अशा गावांतील रात्रीच्या खेळाचा प्रेक्षक. त्याच्याजवळ पैसे थोडे, म्हणून तिकीट स्वस्त. तिकीट स्वस्त, म्हणून चित्रपटाचा खर्च आटोक्यात ठेवणे निर्मात्याला भाग.

१८/
गावांपलीकडे जत्रा होत्या. महाराष्ट्रातील तंबू टॉकीज देवाच्या यात्रेबरोबर फिरत. दिवसा दर्शन, रात्री मैदानात ट्रकवरच्या प्रक्षेपकातून चित्रपट. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या फिरत्या चित्रगृहांवर अनेक वर्षे काम करून २०१६ मध्ये माहितीपट पूर्ण केला; कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. अशा तंबूत भयपट पाहण्याचा अनुभव वातानुकूलित सभागृहाला अप्राप्य आहे. कनात वाऱ्याने हलते, बाहेर खरा अंधार असतो आणि खेळ संपल्यावर त्याच अंधारातून बैलगाडीने किंवा पायी गाव गाठायचे असते.

१९/
कारकिर्दीचा गौरव करताना तिचे दोष झाकणे हा इतिहासाचा अपमान ठरेल. रामसेपटांत स्त्रीदेहाचे प्रदर्शन हिशेबाने पेरलेले असे. स्नानाचा प्रसंग जणू करारातील कलम. विनोदाचे ठिगळ मूळ कथेला अनेकदा सोडूनच लागे. उसनवारी उघड असे : १९९० च्या ‘बंद दरवाजा’त ड्रॅक्युला, तर पुढच्या ‘महाकाल’मध्ये १९८४ च्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या अमेरिकन चित्रपटाची छाया. ज्या काटकसरीने त्यांना स्वातंत्र्य दिले, तिनेच त्यांना तीच हवेली, तोच धूर आणि तीच किंकाळी यांच्या परिघात अडकवूनही ठेवले.

२०/
उतरण सर्व बाजूंनी आली. १९८५ च्या ‘३डी सामरी’ने चष्म्यांचा प्रयोग केला, पण ‘पुराना मंदिर’ची सर त्याला आली नाही. १९८८ च्या ‘वीराना’ला आज चाहते आहेत, तेव्हा मात्र व्हिडिओने छोट्या चित्रगृहांचा प्रेक्षक घरी नेण्यास प्रारंभ केला होता. भाऊ वेगळे झाले. केशू यांनी अक्षय कुमार यांना घेऊन ‘सबसे बडा खिलाडी’सारखे चित्रपट काढले. तुलसी आणि श्याम यांनी १९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’ सुरू केला आणि छोट्या गावांची भीती छोट्या पडद्यावर आली. तिकीट काढून अनोळखी लोकांच्या गर्दीत घाबरण्याचा काळ सरत आला होता.

२१/
ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला. धारपांच्या कथेपासून स्फूर्ती घेतलेला, राही अनिल बर्वे यांनी अनेक वर्षे झटून साकारलेला हा चित्रपट. वाडा, पाऊस, पुरलेला लोभ आणि वंशपरंपरेने चालत येणारा शाप हे सारे त्यात होते. समीक्षकांनी त्याला मनापासून दाद दिली. दोनच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, तुलसी रामसे यांचे निधन झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये श्याम गेले, एप्रिल २०२४ मध्ये गंगू. ‘तुंबाड’ची कला रामसेंच्या आवाक्यातली नव्हती. पण पूर्वजांच्या वाड्यात परतणारा वारस हिंदी पडद्यावर प्रेक्षकाला परिचयाचा झाला होता, तो त्यांच्यामुळे.

२२/
उरतो तो प्रेक्षकांचा प्रश्न. रामसे बंधूंवर आता पुस्तके निघतात, प्रबंध लिहिले जातात, त्यांच्या मुलाखती जतन झाल्या आहेत. त्यांना पोसणाऱ्या गावांबाबत तसे झालेले नाही. कोणत्या टॉकीजमध्ये कोणता चित्रपट किती आठवडे चालला, प्रत कुठून आली, रात्रीच्या खेळाला कोण येत असे, याची नोंद चित्रगृहांच्या रोजच्या गल्ल्याच्या तक्त्यांत, भित्तिपत्रकांत आणि प्रक्षेपक चालवणाऱ्यांच्या स्मरणात होती. एकपडदा चित्रगृहे बंद पडत आहेत. इमारत पाडताना तक्त्यांचे गठ्ठे रद्दीत जातात आणि माणसे वृद्ध होतात.

२३/
म्हणून जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथील तरुण अभ्यासकांना हाताशी असलेले काम मोठे आहे. ताम्रपट आणि शिलालेख यांच्याइतकेच १९८४ च्या तिकिटाचे अर्धुक हे साधन आहे. जुन्या टॉकीजच्या मालकांना, द्वारपालांना, डबे वाहणाऱ्यांना विचारावे. उत्तरे तारीख-गावासह लिहून ठेवावीत. पत्रकाचे छायाचित्र घ्यावे. संस्थान गेल्यावरही निझामाचे नाव चालवणारा तो व्यापारी नकाशा आजही कागदावर सापडतो. त्या नकाशावरच्या प्रत्येक गावात अंधारात बसलेली माणसे कोण होती, हे त्या गावातच विचारावे लागेल आणि विचारण्यास अवधी फार उरलेला नाही.

(धागा समाप्त)